ज्वारीच्या पिठाची चौकट

सगळ्यांना सलाम. आमच्या श्रीरामपूरकडे ख्रिस्ती माणसं भेटली की असंच म्हणतात, म्हणून सुरुवात त्यानेच. या ग्रुपवरचे अनुभव मी दोन वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसले आहे. वडाचं झाड, पांढरी साडी, रात्रीचे बारा... त्यामुळे आज माझ्यावर कोणी हसलं तर माझी तक्रार नाही.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. देवावर विश्वास आहे, दर रविवारी उपासनेला जाते, पण चमत्कार म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. चर्चमध्ये कोणी साक्ष द्यायला उठलं — कुणाचा मुतखडा विरघळला, कुणाचा हरवलेला मोबाइल सापडला — की मी मागच्या बाकावर बसून घड्याळ बघणाऱ्यांतली. आईला याचा फार राग. "मंदे, तुला देवसुद्धा फळ्यावर आकृती काढून दाखवावा लागेल," म्हणायची.

आईची स्वतःची एक पद्धत होती. घरातलं कोणी आजारी असलं, परीक्षेला किंवा लांब गेलेलं असलं, की ती पहाटे दाराच्या चौकटीला हात लावून त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची. डाव्या बाजूला एकदा, उजव्या बाजूला एकदा आणि मग टाचा उंचावून वर एकदा. मिसर देशातली, म्हणजे इजिप्तमधली, ती रात्र आम्हाला संडेस्कूलमध्ये शिकवली होती — ज्या इस्राएली घरांच्या चौकटीला कोकराच्या रक्ताची खूण होती ती ओलांडून मारणारा पुढे गेला. आईच्या लेखी ही गोष्ट कालपरवाच आमच्या आळीत घडली होती. मी तिची नक्कल करून भावंडांना हसवायचे.

आता जागा सांगते. लग्नानंतर आम्ही बरंच फिरलो, आणि प्रमोदच्या — माझ्या नवऱ्याच्या — राइस मिलच्या मशिनरीच्या नोकरीमुळे शेवटी कुंभकोणमला आलो. महामहम तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर एक छोटी बंद गल्ली आहे. तोंडाशी दोन घरं, मग डावीकडे आमचं, आमच्या बरोब्बर समोर सरस्वतीबाईंचं, आणि गल्ली जिथे भिंतीला टेकून संपते तिथे सेल्वमचं. बस, पाचच दारं. खिडकीतून सगळी गल्ली दिसते, हे लक्षात ठेवा.

सरस्वतीबाई सत्तरीच्या. मुलगा चेन्नईला, या एकट्या. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या काळात तंजावरला आले आणि इकडचेच झाले. बाहेर तमिळ, घरात मराठी — पण ती मराठी अशी, की पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं एखादा बखरकार पदर खोचून अंगण झाडतोय. गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात भजनाला जायच्या. आणि सेल्वम कोपऱ्यावर इस्त्रीची गाडी लावायचा. तिशीतला माणूस, बोलका, मला अक्का म्हणायचा. त्याची बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती.

या गावात पहाटे प्रत्येक दारापुढे पाणी शिंपडून कोलम घालतात. तांदळाचं पीठ चिमटीत धरून ठिपके, रेषा. एका दारापुढे मात्र नसायचं... आमच्या.

"काय ग पोरी, वासल असं उघडं ठेवतेस?" सरस्वतीबाईंनी पहिल्याच आठवड्यात हटकलं. वासल म्हणजे दारापुढची जागा. "इकडं मयत झाल्या घरचं वासल असं असतं. बघावयास बरं नाही."

"आमच्यात नाही घालत, सरस्वतीबाई."

"तुमच्यांत नको असेल. दारास तर हवं की."

मी हसून विषय टाळला. खरं कारण मी त्यांना कधी सांगितलं नाही. माझ्या आजोबांच्या लहानपणी गावात दुसऱ्याच्या दारातल्या रांगोळीवर त्यांची सावली पडली तरी शिव्या बसायच्या. ते सगळं मागे टाकून ते ख्रिस्ती झाले. त्यामुळे रांगोळी ही गोष्ट माझ्या घशाखाली कधी उतरलीच नाही.

मग करोनाच्या दुसऱ्या लाटेचा तो उन्हाळा आला.

तो काळ सगळ्यांनी पाहिलाय, जास्त सांगत नाही. गल्लीच्या तोंडाशी दोन घरं होती म्हटलं ना... आठ दिवसांच्या अंतराने दोन्ही घरांतलं एकेक माणूस गेलं. दोन्ही घरांना कुलूप लागलं आणि दोन्ही वासलं कोरडी पडली. देवळांच्या घंटा बंद. इतकं शांत की समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली की बरं वाटायचं. आणि मग प्रमोदला ताप आला.

दवाखान्यात बेड नव्हता. सेल्वमने कुठून तरी खटपट करून भाड्याचा ऑक्सिजन कन्सन्ट्रेटर आणून दिला. रोज सकाळी आमच्या दाराच्या कडीला दह्याची पिशवी, औषधं, शहाळं अडकवायचा आणि लांब उभा राहून ओरडायचा, "अक्का, अजून काही? मला सांगा, मी एकटा जीव, मला काय होतंय!" मी खिडकीतून हात हलवायचे. त्या दिवसांत हात हलवणं हेच माझं आभार मानणं होतं.

प्रमोदचा ऑक्सिजन पंच्याऐंशीवर आला त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. मला प्रार्थना येत नव्हती. डोळे मिटले की फक्त मशीनची घरघर ऐकू यायची.

"दाराला हात लाव, मंदे," आई म्हणाली.

"आई, त्याला श्वास घेता येत नाहीये आणि मी दाराला काय हात लावत बसू?" मी तिच्यावर ओरडलेच.

ती म्हणाली, "बरं. मी इथून लावते. तुझं दार समजून आमचं दार धरते. त्याला कुठे लांब-जवळ असतं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे दह्याची पिशवी घ्यायला मी आतला अडसर काढून दार उघडलं, आणि वासलावर पाणी शिंपडलेलं होतं. त्यावर पांढरी रांगोळी होती.

रांगोळी म्हणते खरी, पण ना कमळ, ना ठिपक्यांची जाळी. दोन उभ्या रेघा, वर एक आडवी. दोन्ही उभ्या रेघांवर एकेक ठिपका, आडवीवर एक. बस. लहान मुलाने दाराचं चित्र काढावं तसं.

माझं डोकंच फिरलं. एक तर मला सरस्वतीबाईंचा राग आला — सांगितलं ना आमच्यात घालत नाहीत म्हणून! — आणि दुसरं, खरं सांगते, भीती वाटली. करणी-बिरणी मी मानत नाही, पण आठ दिवस न झोपलेलं माणूस काय मानतं आणि काय नाही याचा भरवसा देऊ नये. मी बादली आणली आणि सगळं धुऊन काढलं.

दुपारी प्रमोद एकोणऐंशीवर गेला. ओठ निळे. मी त्याला पालथा झोपवून पाठीवर थापट्या मारत होते आणि मोठमोठ्याने रडत होते. संध्याकाळी कसाबसा वर आला. लॉजिक सांगायचं तर या आजारात असे चढउतार होतात. हे मला तेव्हाही माहीत होतं.

दुसऱ्या पहाटे ती पुन्हा तिथेच. तीच चौकट, तेच तीन ठिपके.

आता मी समोर हाक मारली. सरस्वतीबाई मास्क लावून, काठी टेकत ओट्यावर आल्या. "मी नव्हे ग. मजला वाकवतं कोठे? माझं मीच दोन रेघांत उरकते."

मग त्या गल्ली ओलांडून आल्या आणि बघत राहिल्या. साठ वर्षं रोज रांगोळी घातलेली बाई ती. चिमटीतून पीठ सुटतं तिथे जाड पडतं, रेघ संपते तिथे बारीक होते — हे त्यांनी मला काठीच्या टोकाने दाखवलं.

"हे बघ सुरुवात. हा बघ शेवट." काठी दारापासून बाहेर गेली. "बाहेर उभं राहून घातलेलं नव्हे हे. उंबऱ्यावर बसून घातलंय. आतून बाहेर."

"आत आम्ही दोघंच आहोत. अडसर मी आत्ता काढला."

त्यांनी बोटाला थोडं पीठ लावून चोळलं, मास्क खाली करून हुंगलं. "आणि तांदळाचं नव्हे. जोंधळ्याचं आहे."

जोंधळा म्हणजे आपली ज्वारी. त्या गल्लीत काय, आसपासच्या चार गल्ल्यांत ज्वारीचं पीठ एकाच घरात होतं. आईने लॉकडाऊनच्या आधी पार्सलने पाठवलेला पत्र्याचा डबा. झाकणाला भोवती चिकटपट्टी, आणि पार्सलवाल्याने मधे उघडू नये म्हणून झाकणापासून पट्टीवरून डब्यापर्यंत मार्करने लिहिलेलं माझं नाव. मी आत जाऊन वरच्या फळीवर पाहिलं. पट्टी जशीच्या तशी. नावाचं एक अक्षरही सरकलेलं नव्हतं. डबा उघडून बघायचा धीर मला झाला नाही.

आईला फोन लावला. सगळं सांगितलं आणि विचारलं, "हे आपल्या प्रभूचं आहे का आणखी कुणाचं?"

"मिसरात त्यांच्या घरी कोकरू होतं, म्हणून कोकराची खूण," आई म्हणाली. "तुझ्या घरी काय आहे?"

मी डब्याकडे बघितलं. त्यानंतर मी रांगोळी धुतली नाही. रोज पहाटे ती ताजी असायची, आणि प्रमोदचा आकडा रोज एकदोनने वर सरकायला लागला.

चार दिवसांनी समोरची कुकरची शिट्टी बंद झाली. सरस्वतीबाईंना ताप. मुलगा चेन्नईहून निघू शकत नव्हता. मी त्यांच्या खिडकीत पेज ठेवायचे, त्या आतून म्हणायच्या, "ठेव आणि जा, जवळ येऊ नको." त्यांचं वासल पहिल्यांदाच कोरडं पडलं.

त्याच दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, मी खिडकीत उभी होते. ऊन मी म्हणत होतं. गल्लीच्या तोंडाकडून पीपीई किट घातलेला एक माणूस आला. मला वाटलं नगरपालिकेचा. पण हातात कागद नाही, थर्मामीटर नाही, काही नाही. तो चालत होता आणि प्रत्येक दारापुढे थांबून खाली बघत होता. दारावरचा नंबर नाही, खाली. वासलाकडे.

कुलूपबंद घरांशी तो जेमतेम थांबला. आमच्या दाराशी आला. चौकटीच्या रेघेला त्याचे बूट टेकतील इतका जवळ. मान खाली घालून बराच वेळ बघितलं, आणि मग एक पाऊल मागे सरकला.

मी त्याच्यापासून सहा-सात फुटांवर होते. त्या किटमध्ये माणसाचं काय होतं हे तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलंय — पाच मिनिटांत समोरची काच आतून वाफेने पांढरी होते. बाहेर चाळीसच्या घरात तापमान, आणि याची काच लख्ख होती. आतून श्वासाचा एक डाग नाही. चेहरा दिसायला हवा होता. मला त्यातून आरपार फक्त समोरचं, सरस्वतीबाईंचं घर दिसत होतं. मग तो वळला आणि त्या घराशी जाऊन उभा राहिला. तिथे मात्र मागे सरकला नाही.

किती वेळ ते माहीत नाही. आत प्रमोद खोकला, मी मान वळवली, पुन्हा बघितलं तर गल्ली रिकामी. नंतर चौकशी केली. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत कुणालाच पाठवलेलं नव्हतं.

मी काय केलं ते सांगते, कारण मी तशी बाई नाही. फळीवरून डबा काढला. सुरीने पट्टी कापली. आत पीठ छान दाबून भरलेलं होतं, आणि वरच्या सपाट थरात चिमटीने पीठ उचलल्याच्या खोल खुणा होत्या. तशीच एक वाटी भरून घेतली, तांब्यात पाणी घेतलं आणि अनवाणी समोर गेले. आजोबा आठवले. मनात म्हटलं, माफ करा.

मला रांगोळी येत नाही. रेघ वेडीवाकडी गेली, ठिपके वाटाण्याएवढे पडले. पण हात चालू झाला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंडातून प्रार्थना आली. प्रभू, हे दार तुझं. हिचं नाव सरस्वती. हिला सोडू नकोस.

आतून आवाज आला, "कोण ते? काय करतेस ग?"

"रांगोळी घालतेय."

"तू?" खोकल्यात हसू मिसळलं. "नीट घाल मग. रेघ मोडू नको. सुम्मा, उगीच घाई करू नको."

घरी येऊन आईला फोन केला. म्हटलं, आई, समोरच्या सरस्वतीबाईंचं नावपण घे. ती म्हणाली, घेते.

दुसऱ्या पहाटे आमच्या दारापुढे आपोआप काही उमटलं नव्हतं. मग मीच दोन्ही दारी घातली. दुपारी साडेबाराला मी खिडकीशी होते. तो आला. आमच्या दाराशी थांबला, मागे सरकला. वळला, सरस्वतीबाईंच्या दाराशी थांबला... आणि मागे सरकला.

मला जे वाटलं ते आनंदाहून मोठं होतं. मी खिडकीचे गज घट्ट धरून "प्रभू, तुझे उपकार, तुझे उपकार" म्हणत होते. तो गल्लीच्या टोकाकडे चालू लागला. तिकडे पुढे भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे एकच दार. सेल्वमचं. बायको माहेरी, एकट्या पुरुषाच्या दारी कोलम कोण घालणार? महिनाभर ते वासल कोरडं होतं. मला ते रोज दिसत होतं.

आणि मी खिडकी लावून घेतली. प्रमोदला पेज द्यायची वेळ झाली होती. ऊन होतं. आम्ही वाचलो होतो. मी काय विचार केला असं जर कुणी विचारलं, तर मी काहीच विचार केला नाही. अर्ध्या तासाने बघितलं, तर त्या टोकाकडून परत कुणी आलेलं मला तरी दिसलं नाही.

दुसऱ्या सकाळी कडीला दह्याची पिशवी नव्हती. सेल्वम चार दिवसांत गेला. बत्तीस वर्षांचा, पैलवानासारखा माणूस.

प्रमोद बरा झाला. सरस्वतीबाईही उठल्या, अजून रोज मला रांगोळीवरून टोकतात. गावी गेले तेव्हा आईने मला उराशी धरलं आणि म्हणाली, आता तरी चर्चमध्ये उभी राहून साक्ष दे. मी तिला सेल्वमबद्दल सांगितलं. विचारलं, "आई, तू त्याच्यासाठीपण हात लावला असतास ना?"

"लावला असता की," ती म्हणाली. "तू त्याचं नाव मला कधी सांगितलंच नाहीस."

मी अजून साक्ष दिलेली नाही. लोक मला विचारतील की तो माणूस कोण, पीठ कुणी काढलं, आणि माझ्याकडे उत्तर नाही. जीवशास्त्रात नाही, पाळकसाहेबांकडे नाही. देवाने आमची राखण केली हे मी मानते, पूर्ण मनाने मानते. पण त्याने ते पीठ माझ्या हातात दिलं होतं, हेही मानावं लागतं.

सेल्वमची बायको आता त्याची इस्त्रीची गाडी चालवते. मुलगी झाली, चालायला लागली. रोज पहाटे मी तिच्या दारापुढे आधी चौकट घालते, मग सरस्वतीबाईंच्या, मग आमच्या. मागे एकदा तिने विचारलं, "अक्का, माझं मी घालते ना, तुम्ही कशाला रोज येता?" मी म्हटलं, सवय झालीय.

तो डबा मी अजून भरलेला ठेवते. त्या दुपारी मी खिडकी लावली तेव्हाही त्यात अर्ध्याहून जास्त पीठ शिल्लक होतं.